प्रकाशीय संदेशवहनातील बहुवाहक मॉड्युलेशन तंत्रे : कार्यक्षमता कशाची मोजावी?

प्रास्ताविक

इ. स. १९६६ हे वर्ष संदेशवहनशास्त्राच्या इतिहासात दोन स्वतंत्र शोधनिबंधांमुळे महत्त्वाचे ठरले. इंग्लंडमधील हार्लो येथील स्टँडर्ड टेलिकम्युनिकेशन लॅबोरेटरीजमध्ये कार्यरत असलेल्या चार्ल्स काव आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी त्या वर्षी असे प्रतिपादन केले, की काचेतील अशुद्धी पुरेशा प्रमाणात दूर केल्यास प्रकाशाची हानी दर किलोमीटरला २० डेसिबेलच्या खाली आणता येईल आणि मग काचेच्या बारीक तंतूतून दूरवर संदेश पाठविणे व्यवहार्य होईल. त्याच वर्षी अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीजमधील रॉबर्ट चँग यांनी एकाच मार्गावरून अनेक वाहक लहरी, त्यांचे वर्णपट एकमेकांवर येत असूनही, परस्परांना बाधा न आणता कशा पाठविता येतील याचे गणित मांडले. काव यांना त्यांच्या कार्यासाठी २००९ मध्ये पदार्थविज्ञानाच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला. चँग यांची कल्पना 'ओएफडीएम' या नावाने वाय-फायमध्ये आणि चौथ्या व पाचव्या पिढीच्या मोबाइल जाळ्यांत रुजली. मात्र हे दोन विचारप्रवाह खऱ्या अर्थाने एकत्र यावयास जवळजवळ चार दशके लागली.

या विलंबाचे कारण केवळ तंत्रसामग्रीचा अभाव हे नव्हे. रेडिओलहरींसाठी घडविलेले तंत्र प्रकाशावर जसेच्या तसे बसत नाही, आणि ते बसविण्यासाठी केलेल्या प्रत्येक तडजोडीची किंमत कोठे ना कोठे मोजावी लागते. या विषयावरील निबंधांच्या शीर्षकात 'कार्यक्षम' हे विशेषण सढळपणे आढळते. ते ऊर्जेच्या संदर्भात आहे, बँडविड्थच्या की यंत्रणेच्या खर्चाच्या, हे स्पष्ट झाल्याखेरीज त्या विशेषणाला अर्थ प्राप्त होत नाही. प्रस्तुत लेखात प्रमुख बहुवाहक तंत्रांचे स्वरूप याच प्रश्नाच्या अनुषंगाने विशद केले आहे.

अनेक वाहकांची गरज

विजापूरच्या गोलघुमटात उभे राहून भराभर बोलू लागल्यास एका शब्दाचा प्रतिध्वनी पुढच्या शब्दांवर येऊन आदळतो आणि काहीच समजेनासे होते. यावर एक उपाय असा, की शब्द सावकाश उच्चारावेत. प्रतिध्वनी विरेपर्यंत पुढचा शब्द काढूच नये. परंतु त्यामुळे मजकूर फार थोडा सांगून होतो. तेव्हा अनेकांनी निरनिराळ्या स्वरांत एकाच वेळी, पण प्रत्येकाने सावकाश बोलावे आणि ऐकणाऱ्याने स्वर ओळखून प्रत्येकाचे बोलणे वेगळे काढावे, ही बहुवाहक पद्धतीची मूळ कल्पना होय.

प्रकाशीय तंतूत प्रतिध्वनीची जागा 'अपस्करण' घेते. निरनिराळ्या तरंगलांबींचा प्रकाश काचेतून किंचित निरनिराळ्या वेगाने जातो. परिणामी प्रकाशाचा आखूड स्पंद जसजसा पुढे सरकतो तसतसा पसरत जातो. प्रमाणित एकमार्गी तंतूत १५५० नॅनोमीटरच्या आसपास हा पसरट दर किलोमीटरला, दर नॅनोमीटर रुंदीमागे सुमारे १७ पिकोसेकंद असतो. हा आकडा क्षुल्लक वाटतो. पण सेकंदाला २५ अब्ज चिन्हे पाठविणाऱ्या संकेताची वर्णपटातील रुंदी सुमारे ०.२ नॅनोमीटर असते, आणि १,००० किलोमीटर अंतरावर पसरट ३,४०० पिकोसेकंद होतो. एका चिन्हाचा काळ अवघा ४० पिकोसेकंद. म्हणजे एका चिन्हाचा प्रकाश सुमारे ८५ चिन्हांच्या जागेवर सांडतो. तोच मजकूर १,०२४ उपवाहकांवर वाटून दिल्यास प्रत्येक चिन्हाचा काळ जवळजवळ ४१ नॅनोसेकंद होतो आणि ३.४ नॅनोसेकंदांचा पसरट त्याचा जेमतेम बारावा हिस्सा ठरतो.

आच्छादित असूनही अबाधित

आकाशवाणीची केंद्रे एकमेकांत मिसळू नयेत म्हणून त्यांच्या वारंवारतांमध्ये मोकळी जागा सोडावी लागते. चँग यांनी दाखविले, की उपवाहकांमधील अंतर चिन्हकालाच्या व्यस्ताइतके ठेवल्यास अशा मोकळ्या जागेची गरज नाही. एका चिन्हकालात एक लहर पाच पूर्ण आवर्तने घेते व शेजारची सहा, असे समजू. या दोन लहरींचा गुणाकार करून त्या कालावधीतील सरासरी काढली असता ती नेमकी शून्य येते. भूमितीत परस्परलंब दिशांना एकमेकींचा घटक नसतो, त्याचप्रमाणे या लहरीही 'परस्परलंब' होत.

हजार उपवाहकांसाठी हजार दोलक बसविणे अर्थातच अशक्यप्राय होते. १९७१ मध्ये वाइनस्टाइन आणि एबर्ट यांनी हे सर्व काम विविक्त फूरिये रूपांतराने करता येते असे दाखविले. हे रूपांतर सरळ पद्धतीने केल्यास १,०२४ उपवाहकांसाठी साडेदहा लाखांच्या जवळपास गुणाकार लागतात. कूली आणि ट्युकी यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या शीघ्र रीतीने तेच काम ५,१२० गुणाकारांत होते. बहुवाहक तंत्र वहीतून यंत्रात उतरले ते या दोनशे पट बचतीमुळे.

राहिला प्रश्न चिन्हांच्या सांध्यावर होणाऱ्या सरमिसळीचा. पेलेड आणि रुईझ यांनी १९८० मध्ये त्यावर उपाय सुचविला : प्रत्येक चिन्हाचा शेवटचा तुकडा उचलून त्याच चिन्हाच्या आरंभी जोडावयाचा. सांडलेला प्रकाश या जोडतुकड्यातच जिरतो, ग्राही तो टाकून देतो आणि उरलेल्या भागात परस्परलंबत्व शाबूत राहते. हा 'सायक्लिक प्रीफिक्स' फुकट मात्र मिळत नाही. वरील उदाहरणात १,०२४ उपवाहक असताना सुमारे पावणेआठ टक्के वेळ त्यात खर्च होतो. उपवाहक २५६ च ठेवले तर हा खर्च २५ टक्क्यांवर जातो. मग उपवाहक वाढवीत का जाऊ नयेत? कारण लांब चिन्हकालात लेसरची कला स्थिर राहत नाही, आणि उपवाहक जितके अधिक तितकी त्यांच्या बेरजेतील शिखरे उंच.

प्रकाश ऋण होत नाही

येथपर्यंतचे विवेचन तार, रेडिओ आणि प्रकाश या तिन्हींना लागू आहे. खरी अडचण यापुढे येते. रेडिओच्या अँटेनातील विद्युत्‌प्रवाह दोन्ही दिशांनी वाहू शकतो. स्वस्त प्रकाशीय यंत्रणेत मात्र एलईडीची किंवा लेसरची तीव्रता कमीजास्त करून संदेश पाठविला जातो, आणि समोरचा फोटोडायोड केवळ तीव्रता मोजतो. तीव्रता ही वास्तव संख्या असते आणि ती शून्याखाली जात नाही. ओएफडीएमचा संकेत मात्र संमिश्र संख्यांचा व धन-ऋण असा दोन्ही बाजूंना हेलकावे घेणारा असतो.

यांपैकी पहिली अट पाळणे तुलनेने सोपे आहे. निम्म्या उपवाहकांवर मजकूर ठेवून उरलेल्या निम्म्यांवर त्याच्याच संयुग्मी संख्या ठेवल्या, की बेरीज वास्तव येते. १,०२४ पैकी प्रत्यक्ष उपयोगाचे ५११ उरतात. दुसऱ्या अटीवर मात्र अनेक मार्ग सुचविले गेले आणि त्यांतूनच या क्षेत्रातील बहुतेक तंत्रांचा जन्म झाला.

सर्वांत सरळ मार्ग म्हणजे संपूर्ण संकेत एका स्थिर प्रवाहाने वर उचलणे. या तंत्रास 'डीसीओ-ओएफडीएम' म्हणतात. पण किती उचलावे? शेकडो लहरींची बेरीज गाउसच्या वितरणाप्रमाणे वागते, म्हणजे तिला निश्चित तळ नसतो. प्रमाण विचलनाच्या दुप्पट बायस दिला तरी सुमारे २.३ टक्के वेळा संकेत शून्याखाली जातो आणि तेथे तो छाटावा लागतो. शिवाय विद्युत्‌शक्तीच्या हिशेबात बायसचे चार भाग आणि संकेताचा एक भाग, अशी वाटणी होते. पाच रुपयांतील चार रुपये ज्यात कोणताही मजकूर नाही अशा स्थिर प्रकाशावर खर्च झाले! अधिक बिट नेणाऱ्या दाट चिन्हसंचांना एवढीही छाटणी सोसत नाही. त्यांच्यासाठी बायस आणखी वाढवावा लागतो.

२००६ मध्ये जीन आर्मस्ट्राँग आणि आर्थर लोअरी यांनी जो पर्याय मांडला तो प्रथमदर्शनी अविश्वसनीय वाटतो. त्यांच्या 'एसीओ-ओएफडीएम' तंत्रात बायस देतच नाहीत. संकेताचा सगळा ऋण भाग सरळ कापून टाकतात. निम्मा संकेत नष्ट करूनही मजकूर अबाधित कसा राहतो?

याचे उत्तर शाळेतील बीजगणितात आहे. कोणत्याही संख्येत तिचेच निरपेक्ष मूल्य मिळवून दोनाने भागल्यास संख्या धन असताना तीच मिळते आणि ऋण असताना शून्य मिळते. उदाहरणार्थ, +६ चे (६ + ६) ÷ २ = ६, आणि −६ चे (−६ + ६) ÷ २ = ०. म्हणजे छाटलेला संकेत हा दोन भागांची बेरीज असतो : मूळ संकेताचा निम्मा आणि त्याच्या निरपेक्ष मूल्याचा निम्मा. पहिला भाग हवा आहे, दुसरा नको आहे. आता मजकूर फक्त विषम क्रमांकाच्या उपवाहकांवर ठेवला आहे असे समजू. विषम आवर्तने घेणाऱ्या लहरीचा उत्तरार्ध हा तिच्या पूर्वार्धाची नेमकी उलटी प्रत असतो. जेथे पूर्वार्धात +६ तेथे उत्तरार्धात −६. परंतु निरपेक्ष मूल्य दोन्हीकडे ६ च. म्हणजे नको असलेला भाग एका चिन्हकालात दोनदा जसाच्या तसा येतो, आणि जे दोनदा जसेच्या तसे येते त्यात केवळ सम क्रमांकाच्या वारंवारता असू शकतात. छाटणीचा सगळा केर सम उपवाहकांवर जाऊन पडतो; विषम उपवाहक स्वच्छ राहतात, फक्त त्यांचा आयाम निम्मा होतो. ग्राहीने तो दुप्पट करावा, एवढेच.

आर्मस्ट्राँग आणि लोअरी यांच्या या युक्तीने सरासरी प्रकाश किती वाचतो? छाटलेल्या संकेताची सरासरी प्रमाण विचलनाच्या ०.४ पट असते. आयाम निम्मा झाल्याची भरपाई म्हणून संकेत दुप्पट केला तरी ती ०.८ पट होते. डीसीओमध्ये तीच दोन पट होती. प्रकाशाच्या बचतीच्या दृष्टीने हा मोठा लाभ होय. पण सम उपवाहक रिकामे सोडल्यामुळे १,०२४ पैकी केवळ २५६ संख्या मजकुराच्या उरतात. तेवढ्याच बँडविड्थमध्ये डीसीओइतकाच मजकूर न्यावयाचा तर प्रत्येक उपवाहकावर दुप्पट बिट लादावे लागतात. १६ बिंदूंच्या चिन्हसंचाऐवजी २५६ बिंदूंचा संच घ्यावा लागतो, आणि दाटीवाटीने बसलेले ते बिंदू थोड्याशा नॉइजनेही एकमेकांत मिसळतात. म्हणून मजकुराचा वेग कमी असताना एसीओ सरस आणि वेग वाढत जाईल तसतसा डीसीओ वरचढ, असे चित्र दिसते. केवळ पहिल्या भागाचे आलेख देऊन एसीओला 'कार्यक्षम' ठरविणारी तुलना अर्धवट होय.

याच कुळातील इतर तंत्रांचा ओझरता उल्लेख पुरेसा आहे. २००९ मधील 'पीएएम-डीएमटी' सर्व उपवाहक वापरते, पण त्यांच्या केवळ काल्पनिक भागावर मजकूर ठेवून छाटणीचा केर वास्तव भागावर ढकलते. २०१२ मध्ये मांडल्या गेलेल्या 'फ्लिप-ओएफडीएम' आणि 'यू-ओएफडीएम' या तंत्रांत धन भाग एका चौकटीत आणि ऋण भाग उलटा करून पुढच्या चौकटीत पाठवितात. हिशेब शेवटी एसीओसारखाच येतो.

२०१५ मध्ये मांडलेले स्तरित एसीओ तंत्र मात्र वेगळा विचार करते. रिकाम्या सम उपवाहकांपैकी २, ६, १० अशा क्रमांकांवर दुसरा स्तर, उरलेल्यांपैकी ४, १२, २० अशांवर तिसरा, याप्रमाणे थर चढवीत गेल्यास वापर अर्धा, अधिक पाव, अधिक अर्धपाव असा पूर्णाकडे सरकतो. ग्राही प्रथम स्वच्छ असलेला पहिला स्तर वाचतो, त्यावरून त्याचा केर गणिताने पुन्हा निर्माण करून वजा करतो आणि मग दुसऱ्या स्तराकडे वळतो. बँडविड्थ आणि ऊर्जा दोन्ही वाचल्या. खर्च झाली ती गणनक्षमता. पहिल्या स्तरात चूक झाली तर ती खालच्या स्तरांत झिरपते, हाही दोष आहेच.

दिव्याखालची कार्यक्षमता

डीसीओवरील आक्षेप स्थिर प्रकाश वाया जातो, असा आहे. पण ज्या खोलीत छताचा एलईडी दिवाच संदेश पाठवीत आहे, तेथे स्थिर प्रकाश वाया जात नाही. तो वाचणाऱ्याच्या पुस्तकावर पडतो. किंबहुना दिवा लावला आहे तोच त्यासाठी. अशा ठिकाणी बायसचा खर्च संदेशवहनाच्या खात्यावर टाकणे हा हिशेबातील दोष ठरतो. उलट दिवा मंद केलेला असेल, किंवा हातातील विजेरीवर चालणारे उपकरण अवरक्त प्रकाशाने उत्तर पाठवीत असेल, तर प्रकाशाचा कण न्‌ कण मोलाचा होतो आणि एसीओला महत्त्व येते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या २०१९ च्या जी.९९९१ या शिफारशीत डीसीओ आणि एसीओ अशा दोन्हींवर आधारित रचना स्वतंत्रपणे दिल्या आहेत, हे म्हणूनच सयुक्तिक वाटते.

२०२३ मध्ये आलेल्या आयईईई ८०२.११बीबी या मानकाने तिसरीच दिशा धरली. त्यात वाय-फायची प्रचलित ओएफडीएम रचनाच जवळजवळ तशीच ८०० ते १००० नॅनोमीटरच्या अवरक्त प्रकाशावर चढविली आहे. प्रकाशासाठी खास घडविलेल्या तंत्रांच्या तुलनेत यात सैद्धांतिक तोटा आहे. पण कोट्यवधींनी तयार होणाऱ्या वाय-फाय चिप्स वापरता येतात. येथे 'कार्यक्षमता' रुपयांत मोजली गेली आहे.

पांढऱ्या एलईडीच्या संदर्भात बहुवाहक पद्धतीचा आणखी एक गुण ध्यानात घ्यावा लागतो. निळ्या चिपवरील पिवळा फॉस्फर मंद प्रतिसाद देतो, त्यामुळे काही मेगाहर्ट्झपुढे संकेत झपाट्याने क्षीण होतो. अशा वेळी सशक्त उपवाहकांवर अधिक बिट, दुबळ्यांवर कमी, आणि निकामी उपवाहकांवर काहीच नाही, अशी वाटणी करता येते. १९९० च्या दशकात टेलिफोनच्या जुन्या तांब्याच्या तारांवर एडीएसएल चालले ते याच जोरावर.

लांब पल्ल्याचा तंतू

शेकडो किलोमीटरच्या तंतूत हिशेब पुन्हा बदलतो. तेथे तीव्रता मोजणारा साधा फोटोडायोड आणखी एक घोळ घालतो : तो प्रकाशक्षेत्राचा वर्ग करतो, त्यामुळे उपवाहकांचे आपापसांत गुणाकार होऊन ते मजकुरावर पडतात. लोअरी आणि आर्मस्ट्राँग यांनी २००६ मध्येच त्यासाठी वाहक व मजकूर यांच्यामध्ये मजकुराइतकीच रुंद मोकळी पट्टी सोडण्याचा उपाय दाखविला. केर त्या पट्टीत पडतो, पण निम्मी बँडविड्थ जाते. त्याच वर्षी शीह आणि अथौदागे यांनी 'कोहेरंट' ओएफडीएमची कल्पना मांडली. (हे दोन्ही गट मेलबर्न शहरातलेच, हा योगायोग नोंदण्याजोगा आहे.) यात ग्राहीपाशी दुसरा लेसर ठेवून आलेला प्रकाश त्याच्याशी मिसळतात, त्यामुळे आयाम व कला दोन्ही हाती येतात. ना बायस लागतो, ना संयुग्मी प्रती, ना मोकळी पट्टी. ध्रुवीकरणाच्या दोन दिशांवर दोन स्वतंत्र संदेशही नेता येतात. २०११ मध्ये कार्ल्सरूहे येथील संशोधकांनी एकाच लेसर उगमापासून निर्माण केलेल्या ३२५ वाहकांवर सेकंदाला २६ टेराबिट एवढा मजकूर ५० किलोमीटर तंतूतून नेला, आणि वाहक वेगळे करण्याचे फूरिये रूपांतर चक्क प्रकाशीय घटकांनी केले.

एवढे असूनही उद्योगाने सेकंदाला १०० गिगाबिटच्या पिढीसाठी कोहेरंट ओएफडीएम स्वीकारले नाही. एक कारण शिखरांचे. १,०२४ समान लहरी क्वचित एकाच क्षणी जुळल्या तर तात्कालिक शक्ती सरासरीच्या १,०२४ पट, म्हणजे ३० डेसिबेल वर जाते. एवढे टोक व्यवहारात जवळजवळ येत नाही. परंतु त्याहून बऱ्याच लहान शिखरांनीही विद्युत्‌परिवर्तकांची अचूकता वाया जाते, आणि काचेचा अपवर्तनांक प्रकाशाच्या तीव्रतेनुसार बदलत असल्याने तंतूत अरेषीय विकृती वाढते. दुसरे कारण अधिक मूलभूत आहे. कोहेरंट ग्राहीला प्रकाशाची कला कळते म्हटल्यावर अपस्करण गणिताने थेट उलटविता येते, मग वाहक एकच का असेना. गोलघुमटातील प्रतिध्वनी हिशेबाने पुसून टाकता येऊ लागल्यावर सावकाश बोलण्याचे प्रयोजन उरले नाही. १०० गिगाबिटसाठी दोन ध्रुवीकरणांवरील एकवाहक क्यूपीएसके पद्धत रूढ झाली. विदाकेंद्रांतील आखूड दुव्यांसाठीही ४०० गिगाबिट इथरनेटच्या चर्चेत बहुवाहक डीएमटीचा प्रस्ताव होता. परंतु २०१७ च्या आयईईई ८०२.३बीएस मानकाने चार पातळ्यांचे साधे पीएएम निवडले.

बहुवाहक कल्पना तेवढ्याने मागे पडली नाही. तिचे माप बदलले. एकवाहक संकेताचा वेग जसजसा वाढत गेला तसतसा अपस्करण उलटविणाऱ्या गणिताचा भार वाढला, आणि त्या गणितातून ग्राहीच्या लेसरची कलाविकृती अधिक ठळक होऊ लागली. शिवाय अरेषीय विकृती सर्वांत कमी राहील असा एक इष्टतम चिन्हवेग असतो, आणि लांब पल्ल्यावर तो काही गिगाबॉड एवढाच भरतो, असे आढळले. त्यामुळे २०१० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून काही उत्पादकांनी एकाच लेसरचा संकेत हजारो नव्हे, तर मोजक्या 'डिजिटल उपवाहकां'त विभागण्यास आरंभ केला. हे उपवाहक एकमेकांवर आच्छादित नसतात. तीव्र उताराच्या गाळण्यांमुळे ते लगटून बसतात, म्हणजे चँग यांच्या परस्परलंबत्वाची त्यांना गरजच भासत नाही. प्रत्येक उपवाहकावर निराळा चिन्हसंच देता येतो. तसेच मध्यवर्ती केंद्रातील एका लेसरचे निरनिराळे उपवाहक निरनिराळ्या गावांतील लहान ग्राहींना वाटून देता येतात. मग प्रत्येक गावासाठी केंद्रात स्वतंत्र लेसर आणि स्वतंत्र पेटी ठेवावी लागत नाही.